हाडात विरघळणारे औषधी मणी : दुसरं ऑपरेशन टळेल, पण पहिल्या तासांचं काय?

विशेष विश्लेषण

मोटारसायकल घसरली, नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं, ऑपरेशन होऊन रॉड बसला आणि रुग्ण घरी आला. दोन-तीन महिने बरे गेले. मग टाक्यांजवळून पाणी येऊ लागलं, पाण्याचा पू झाला, अंगात बारीक ताप राहू लागला. पुन्हा दवाखाना, पुन्हा सलाईन, पुन्हा ऑपरेशन. अशी गोष्ट गावोगाव ऐकायला मिळते. लोक म्हणतात ‘हाडाला पू झाला’, डॉक्टर त्याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात.

या आजारावर आता मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत एक नवा शब्द कानावर पडतो : ‘विरघळणारे मणी’. हाडाच्या पोकळीत अँटिबायोटिक भरलेले छोटे मणी ठेवायचे, ते आतल्या आत औषध सोडतात आणि हळूहळू स्वतःही जिरून जातात. काढायला दुसरं ऑपरेशन लागत नाही. ऐकायला हे चमत्कारासारखं वाटतं. ते खरोखर उपयोगाचं आहे, पण चमत्कार नाही. फायदा कुठे आहे आणि कुठे नाही, हे समजून घेतलं तर घरातल्या माणसाचा पाय आणि घरातला पैसा, दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते.

गोळ्या-सलाईनने हा आजार का हटत नाही?

खोकला किंवा लघवीचा जंतुसंसर्ग आठ-दहा दिवसांच्या औषधाने बरा होतो. मग हाडाचा का होत नाही? कारण औषध रक्तातून पोहोचतं आणि सडलेल्या हाडाला रक्तच नसतं. अपघातात हाडाचे तुकडे होतात, भोवतालचं मांस चेंगरतं, रक्ताच्या नळ्या तुटतात. असा मेलेला तुकडा आत राहिला की तो जंतूंचं घर बनतो. कितीही भारी इंजेक्शन द्या, त्या तुकड्यापर्यंत ते पुरेसं जात नाही.

दुसरी अडचण जंतूंच्या वागण्याची. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा या आजारातला सगळ्यात नेहमीचा जंतू. तो मेलेल्या हाडावर आणि स्टीलच्या पट्टीवर चिकट थर तयार करून त्याखाली दडून बसतो. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा हा थर. शेवाळ नुसतं पाणी मारून निघत नाही, घासावं लागतं. हा थरही नुसत्या औषधाने जात नाही. म्हणूनच जखम वरून बंद होते, सहा महिने शांत राहते आणि पुन्हा फुटते. काहींचा नासूर वर्षानुवर्षं वाहत राहतो.

म्हणून या आजारात पहिलं काम सर्जनचं. मेलेलं हाड आणि सडलेलं मांस काढून, रक्त दिसेपर्यंत जागा साफ करायची. त्यानंतर हाडात पोकळी उरते. ती रिकामी सोडली तर तिथे रक्त साचतं आणि जंतूंना पुन्हा जागा मिळते. ती पोकळी भरायची आणि तिथेच जोरदार औषध द्यायचं, ही दोन्ही कामं मणी करतात.

सिमेंटच्या मण्यांपासून विरघळणाऱ्या मण्यांपर्यंत

औषध थेट हाडात ठेवायची कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात जर्मनीत सर्जननी बोन सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं आणि त्याचे मणी तारेत ओवून हाडात ठेवायला सुरुवात केली. आजही अनेक ठिकाणी सर्जन ऑपरेशन थिएटरमध्येच सिमेंटचे मणी हाताने वळतात. ते स्वस्त पडतात आणि कामही करतात. पण सिमेंट शरीरात जिरत नाही. औषध संपल्यावर तो मणी म्हणजे आत राहिलेला दगड. त्याच्यावरच जंतू थर धरू शकतात, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा भूल देऊन तो काढावा लागतो.

विरघळणारे मणी बहुतेक वेळा कॅल्शियम सल्फेटचे असतात. हे नाव अनोळखी वाटलं तरी वस्तू ओळखीची आहे, कारण प्लास्टर ऑफ पॅरिस ते हेच. जर्मन सर्जन ड्रीसमन यांनी १८९२ मध्येच हाडाच्या पोकळ्या त्याने भरल्याची नोंद आहे. आज वापरतात ते अर्थातच शुद्ध, वैद्यकीय दर्जाचं असतं. बाजारातल्या प्लास्टरच्या पोत्याशी त्याचा संबंध नाही.

ऑपरेशन चालू असताना पावडर, पाणी आणि अँटिबायोटिक कालवून साच्यात भरतात. काही मिनिटांत ज्वारीच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे मणी तयार होतात. सिमेंट घट्ट होताना खूप तापतं, त्यामुळे उष्णता सोसणारीच औषधं त्यात चालतात. कॅल्शियम सल्फेट तेवढं तापत नाही, म्हणून औषधांची निवड वाढते. जेंटामायसिन, व्हॅन्कोमायसिन आणि टोब्रामायसिन ही यात नेहमी वापरली जाणारी नावं.

फायदा असा की हाडाच्या जागी औषध खूप मोठ्या प्रमाणात मिळतं, शिरेतून देऊन मिळेल त्याच्या अनेक पट. तेवढं औषध रक्तातून द्यायचं म्हटलं तर मूत्रपिंड आणि कान धोक्यात येतील. इथे बहुतेक औषध जागेवरच राहतं. मणी साधारण काही आठवडे ते तीन महिन्यांत जिरतात.

यातला पुढचा प्रकार म्हणजे कॅल्शियम सल्फेटसोबत हायड्रॉक्सिअॅपटाइट, म्हणजे हाडातच असणाऱ्या खनिजाच्या जातीचा पदार्थ, मिसळलेली पेस्ट. सल्फेट जिरतं, दुसरा पदार्थ मांडवासारखा मागे राहतो आणि त्याच्या आधाराने नवं हाड भरायला मदत होते. स्वीडनमध्ये तयार झालेल्या जेंटामायसिनयुक्त अशा एका पेस्टला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २०२२ मध्ये परवानगी दिली. भारतातही तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत कॅल्शियम सल्फेटवर आधारित हाड भरण्याच्या साहित्यावर काम झालं आहे. हे महत्त्वाचं, कारण देशात बनलेलं साहित्य स्वस्त होण्याची आशा जास्त.

अभ्यास काय सांगतात?

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या हाड-जंतुसंसर्ग विभागाने २०१६ मध्ये १०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांना हाडाचा जुनाट जंतुसंसर्ग होता. एकाच ऑपरेशनमध्ये सफाई करून जेंटामायसिनची विरघळणारी पेस्ट भरली. त्यातल्या ९६ जणांचा संसर्ग त्या एका ऑपरेशनमध्ये गेला. उरलेल्या चौघांवर पुन्हा शस्त्रक्रिया केली आणि तेही बरे झाले.

आकडा मोठा आहे. पण तिथे हाडाचे सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि जंतुतज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा निर्णय घेतात, हेही त्या ९६ मध्ये धरलं पाहिजे. तीच पेस्ट अर्धवट साफ केलेल्या हाडात भरली तर निकाल तसा येणार नाही.

कॅनडातला २०१० चा अभ्यास छोटा आहे, पण जास्त बोलका. ३० रुग्णांपैकी अर्ध्यांना सिमेंटचे मणी, अर्ध्यांना विरघळणारे. संसर्ग बरा होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ८६ टक्के. फरक पडला तो नंतरच्या ऑपरेशनमध्ये. सिमेंटच्या गटात ती १५ झाली, विरघळणाऱ्या गटात ७.

म्हणजे विरघळणाऱ्या मण्यांचा सगळ्यात भक्कम फायदा ‘जास्त बरं होणं’ हा नसून ‘कमी वेळा कापणं’ हा आहे. जो रुग्ण शंभर किलोमीटरवरून येतो, ज्याच्यासोबत आणखी एका माणसाची मजुरी बुडते, त्याच्यासाठी एक ऑपरेशन कमी होणं ही छोटी गोष्ट नाही. पण कुणी ‘हे घातलं की शंभर टक्के गॅरंटी’ असं सांगत असेल, तर त्या गॅरंटीला आधार नाही.

आणखी दोन अभ्यासांनी उपचाराची दिशा बदलली. ब्रिटनमध्ये २६ केंद्रांवरच्या १,०५४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, हाड-सांध्यांच्या संसर्गात पहिले सहा आठवडे शिरेतून औषध देण्याऐवजी योग्य गोळ्या दिल्या तरी निकाल वाईट आला नाही. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर ५०० रुग्णांवरच्या दुसऱ्या ब्रिटिश अभ्यासात, सफाई करून हाडात अँटिबायोटिक ठेवलेल्या रुग्णांना पोटातून किंवा शिरेतून औषध फक्त सात दिवसांपर्यंत द्यायचं की चार आठवडे आणि पुढे, हे तपासलं. २०२४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षात कमी दिवसांचा गट मागे पडला नाही.

याचा अर्थ कुणीही मनाने गोळ्या बंद करायच्या असा मुळीच नाही. ते रुग्ण निवडलेले होते आणि तज्ज्ञांच्या नजरेखाली होते. पण महिना-दीड महिना सलाईन लावून पडून राहणं हा एकच मार्ग नाही, एवढं आता डॉक्टरांना मोकळेपणाने विचारता येतं.

मणी काय करू शकत नाहीत

मणी वजन पेलत नाहीत. हाड हलत असेल तर ते जुळणार नाही आणि संसर्गही जाणार नाही. त्यामुळे बाहेरून रिंग किंवा फिक्सेटर लावावा लागू शकतो. मणी कधी कधी नवं हाड भरण्याआधीच जिरून जातात आणि पोकळी उरते. वरची कातडी गेलेली असेल तर प्लास्टिक सर्जनकडून मांस-कातडी झाकून घ्यावी लागते. उघड्या जखमेत मणी टाकून भागत नाही.

कॅल्शियम सल्फेट विरघळताना काही रुग्णांच्या जखमेतून पांढरट पाणी येतं. घरच्यांना वाटतं पुन्हा पू झाला. ते दर वेळी पू नसतं, पण दर वेळी निरुपद्रवी आहे असंही धरून चालत नाही. ताप, वाढती लाली, ठणका किंवा घाण वास असेल तर लगेच दाखवायला हवं. क्वचित रक्तातलं कॅल्शियमही वाढतं. म्हातारी माणसं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्यात डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात.

औषधच चुकीचं असेल तर मणी बरोबर असून उपयोग नाही. आपल्याकडे हाडाचा टीबीही होतो आणि तोही पाण्यासारखा स्राव आणि वाहती जखम घेऊन येतो. त्याला टीबीचीच औषधं लागतात. म्हणून ऑपरेशनमध्ये हाडाचे आतले नमुने घेऊन तपासणीला पाठवणं गरजेचं. वाहत्या जखमेच्या तोंडावरून घेतलेल्या कापसाच्या बोळ्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण तिथे कातडीवरचे जंतूही मिळतात. मेडिकलमधून दर वेळी वेगळी अँटिबायोटिक आणून खाल्ली असेल, तर नमुन्यात जंतू सापडतच नाही आणि उरलेला जंतू औषधांना दाद देईनासा होतो.

खरी लढाई पहिल्या तासांत

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ७२ हजार माणसं गेली आणि सुमारे ४ लाख ६२ हजार जखमी झाली. शेतातल्या जखमा यात नाहीत. मळणीयंत्र, रोटाव्हेटर, कडबाकुट्टी, उसाची ट्रॉली यांनी होणाऱ्या जखमेत माती, शेण, भुसा आत जातो. अशी जखम साध्या जखमेपेक्षा जास्त धोक्याची.

ब्रिटनच्या हाडाच्या सर्जनांच्या नियमावलीत यावर स्पष्ट सूचना आहेत. हाड उघडं पडलं असेल तर शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक द्यावं. जखम शेतातल्या मातीने किंवा सांडपाण्याने खूप माखली असेल तर सफाईचं ऑपरेशन ताबडतोब करावं. त्या तासात लागणारं इंजेक्शन महाग नसतं. लागतो तो डॉक्टर, औषध आणि वेळेवर गाडी.

आपल्याकडे तो तास कुठे जातो? आधी हळद-चुना, मग हाडवैद्याची घट्ट पट्टी, मग जवळचा दवाखाना, तिथून ‘पुढे न्या’, मग जिल्ह्याला. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, निर्जंतुक पट्टी बांधून, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन रुग्ण पुढे पाठवला, तर पुढच्या वर्षभराचं दुखणं टळू शकतं. तिथे हाडाचा सर्जन नसला तरी एवढं होऊ शकतं. पुढाऱ्यांना जाब विचारायचाच असेल तर ‘महागडे मणी कधी येणार’ याआधी ‘उघड्या हाडाच्या रुग्णाला पहिला डोस इथे मिळतो का’ हे विचारायला हवं.

योजना आहेत, पण आजार त्यांच्यापेक्षा लांब चालतो

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने २०२५ मध्ये कॅशलेस योजना लागू केली. नेमून दिलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत, अपघातापासून सात दिवस. पहिल्या ऑपरेशनला याचा चांगला आधार आहे. पण हाडाचा पू सात दिवसांत दिसत नाही, तो आठवड्यांनी, महिन्यांनी वर येतो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास दोन लाख आणि एक हात किंवा पाय कायमचा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. पाय गेला तर मदत आहे, पण पाय वाचवायला वर्षभर झटणाऱ्या शेतकऱ्यासाठी या योजनेत जागा नाही.

उरते महात्मा फुले जन आरोग्य योजना. तिच्यात आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ती पॅकेजवर चालते, म्हणजे एका प्रकारच्या ऑपरेशनला एक ठरलेली रक्कम. हाडाच्या संसर्गात मात्र सफाई, मणी, रिंग, कातडी असे टप्पे येतात. त्यामुळे ‘मणी बाहेरून आणा’ असं सांगितलं जाण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून, पॅकेजमध्ये कोणतं साहित्य धरलं आहे हे विचारावं. योजनेच्या रुग्णाकडून पॅकेजमधल्या उपचारासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. शंका आली तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर विचारता येतं.

किमतीचा मुद्दाही आहे. जेंटामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन दोन्ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महाग पडतं ते औषध वाहून नेणारं साहित्य. २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतींवर सरकारने मर्यादा घातली. हाडाच्या संसर्गाचे रुग्ण मुख्यतः काम करणारे, कमावत्या वयाचे असतात. त्यांना लागणाऱ्या साहित्याचाही तसाच विचार व्हायला हवा.

डॉक्टरांना काय विचारायचं?

मणी सुचवले गेले तर चार प्रश्न सरळ विचारावेत. मेलेलं हाड पूर्ण काढणार का? हाडाचे नमुने टीबीसह सगळ्या तपासण्यांना जाणार का? मण्यांत कोणतं अँटिबायोटिक घालणार आणि ते का? साधे सिमेंटचे मणी चालतील का, आणि चालले तर खर्चात आणि ऑपरेशनच्या संख्येत फरक किती? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

कागद जपणं तितकंच महत्त्वाचं. बीडचा ऊसतोड कामगार कोल्हापूर-सांगलीकडे जखमी होतो, तिथे ऑपरेशन होतं आणि पुढचा उपचार गावाकडे. इथल्या डॉक्टरला आत कोणता रॉड आहे, कोणता जंतू निघाला, कोणतं औषध दिलं, काहीच कळत नाही. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि तपासणीचा रिपोर्ट यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठवून ठेवले, तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

बिडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो, हे सांगूनही ऐकलं जात नाही. साखर वाढलेली असेल तर जखम भरत नाही. मधुमेह असलेल्या शेतकऱ्याच्या तळपायातली न दुखणारी जखम अनेकदा आतल्या हाडापर्यंत गेलेली असते, ती ‘दुखत नाही’ म्हणून सोडून देऊ नये. आणि लहान मूल तापात अचानक पाय टेकवेनासं झालं, तर ते मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मुलांमध्ये हा संसर्ग जखमेशिवायही होतो.

विरघळणारे मणी पुढच्या काही वर्षांत जिल्ह्याच्या ठिकाणीही जास्त दिसू लागतील. ते यावेत, परवडणाऱ्या दरात यावेत. पण उघड्या हाडाची जखम पहिल्या तासात नीट धुतली गेली, तर त्यातल्या बऱ्याच रुग्णांना त्या मण्यांची गरजच पडणार नाही. त्यासाठी परदेशी साहित्य लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजताही उघडं दार, हजर डॉक्टर आणि कपाटात इंजेक्शन एवढंच लागतं.